शेजारचे काका पुन्हा अपक्ष उभे राहतायत, सूचक म्हणून माझी सही मागितलीये. करावी का?

शनिवारपेठी:

नमस्कार मंडळी. जरा घाईचा विषय आहे, २०२४ च्या विधानसभेचे अर्ज भरायची मुदत २९ ऑक्टोबरला संपतेय आणि त्याआधी मला एका माणसाला हो किंवा नाही सांगायचंय.

आमच्या शेजारच्या वाड्यात एक काका राहतात. सत्तरीच्या पुढचे, आयुष्यभर छापखान्यात कंपोझिटर होते, छापखाना बंद पडल्यापासून घरीच असतात. मला कळायला लागल्यापासून हा माणूस प्रत्येक निवडणुकीला अपक्ष उभा राहतोय. महापालिका असो, विधानसभा असो, लोकसभा असो, मधे पोटनिवडणूक लागली तर ती पण. निवडून येणं लांबच, डिपॉझिट कधी वाचलेलं नाही. मतं दोनशेच्या आसपास, एकदा तर शंभरच्याही आत. गल्लीतली पोरं "काय आमदार" अशी हाक मारतात आणि ते अगदी सरळ मनाने थांबून "बोल, काय काम आहे" विचारतात, आणि खरंच काम असेल तर करतात पण, रेशनकार्डातलं नाव, पाण्याची तक्रार, म्हाताऱ्या लोकांचे हयातीचे दाखले, असलं सगळं.

त्यांचा मुद्दा पहिल्यापासून एकच आहे. शनिवारवाडा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली संरक्षित वास्तू, त्यामुळे भोवतीच्या १०० मीटरमध्ये नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच काय ते करायचं. २०१० ला कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून हे आणखी कडक झालं. आता या पट्ट्यात जे जुने वाडे आहेत ते टेकू लावून उभे आहेत, मालकाला पाडून बांधता येत नाही, भाडेकरूला सोडून जाता येत नाही, पावसाळ्यात महापालिकेची नोटीस येते की वाडा धोकादायक आहे, खाली करा. काकांचं म्हणणं की वास्तू जपा, पण आतल्या माणसांची काहीतरी सोय लावा, आणि हे विधानसभेत कोणीतरी उभं राहून बोललं पाहिजे. त्यांचं पत्रक मी दर वेळी जपून ठेवतो. अर्ध्या पानाचं असतं, एका बाजूला मागण्या आणि दुसऱ्या बाजूला मागच्या निवडणुकीत स्वतः केलेला खर्च, अगदी चहा आणि झेरॉक्सच्या पैशासकट. फोटो नाही, हात जोडलेले नाहीत. एक अक्षर इकडचं तिकडे नाही, जन्मभर खिळे जुळवलेला माणूस आहे.

तर परवा संध्याकाळी घरी आले, पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली. अपक्षाला दहा सूचक लागतात. त्यांचे नेहमीचे दोघं गेल्या पाच वर्षांत वारले आणि एकजण मुलाकडे बाणेरला राहायला गेले, यादीतलं नावही तिकडे गेलं. म्हणून माझ्याकडे आले.

माझे प्रश्न असे. सही केली तर माझ्यावर पैशाची किंवा कायद्याची काही जबाबदारी येते का? दुसरं, खरं सांगायचं तर मत मी त्यांना देईनच असं नाही, मग सूचक होणं बरोबर आहे का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, दहा हजार रुपये दर वेळी जातात, पेन्शन नावालाच आहे, काकूंचे गुडघे दुखतात. मी सही करून त्यांना मदत करतोय की आणखी खड्ड्यात ढकलतोय? आई म्हणते कर, बायको म्हणते आधी नीट विचार. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

---

निवृत्त महसूलवाला:

मी महसूल खात्यात होतो, बऱ्याच निवडणुकांत छाननीच्या टेबलावर बसलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

सूचकावर पैशाची काहीही जबाबदारी नसते. सूचक म्हणजे फक्त एवढंच म्हणणारा मतदार की या माणसाचं नाव उमेदवार म्हणून पुढे यावं. मत कुणाला द्यायचं ते गुप्त आहे आणि गुप्तच राहतं, सही केली म्हणून मत बांधलं जात नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला आणि मान्यता नसलेल्या पक्षाच्या माणसाला दहा. तुम्ही सरकारी नोकरीत असाल तर मात्र सही करू नका, सेवा नियमांत बसत नाही.

एक गोष्ट मनात पक्की करा. सही केली तर नंतर "ती माझी नाही" म्हणायचं नाही. याच वर्षी एप्रिलमध्ये सुरतला काय झालं ते पेपरात वाचलं असेल. काँग्रेसच्या उमेदवाराच्या सूचकांनी सही आमची नाहीच असं लिहून दिलं आणि अर्ज बाद झाला. दहामधली एक सही जरी अशी निघाली तरी अपक्षाचा अर्ज तिथेच संपतो.

आता काकांसाठी. मी अपक्षांचे अर्ज बाद होताना जे पाहिलंय त्यात कारणं नेहमी तीच असतात. सूचक त्याच मतदारसंघाच्या यादीत हवा. पुण्यात हे फार होतं, माणूस राहतो कोथरूडला आणि नाव अजून कसब्यात, किंवा उलटं. म्हणून प्रत्येक सूचकाचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या यादीवरून उतरवा, जुन्या स्लिपेवरून नको, पुरवणी यादी निघाली की काहींचा नंबर बदललेला असतो. शपथपत्र म्हणजे फॉर्म २६, त्यात एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, काही नसेल तर "निरंक" किंवा "लागू नाही" लिहायचं. रिकामा रकाना दिसला की आरओ, म्हणजे निवडणूक निर्णय अधिकारी, नोटीस देतो आणि तरी भरला नाही तर अर्ज बाद. निवडणुकीच्या खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्ज भरायच्या निदान एक दिवस आधी उघडलेलं हवं. अर्ज भरल्यावर शपथ घ्यायची राहून जाते, ती छाननीच्या दिवसाआधी झाली पाहिजे. आणि वेळ सकाळी ११ ते दुपारी ३, तीन वाजता दार बंद. शेवटच्या दिवशी मोठ्या पक्षांची मिरवणूक रस्त्यात असते, त्यात म्हातारा माणूस अडकला तर संपलं, म्हणून निदान एक दिवस आधी जा. आत उमेदवाराबरोबर चारजणांनाच सोडतात.

डिपॉझिट विधानसभेला १०,०००, लोकसभेला २५,०००, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मं. परत मिळवायचं तर एकूण वैध मतांच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त मतं हवीत. समजा दीड लाख मतं पडली तर २५,००० च्या वर. दोनशे मतांत ते वाचणार नाही हे काकांना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त चांगलं ठाऊक असणार.

टेबलाच्या पलीकडून पाहिलेलं एक सांगतो. मोठ्या उमेदवाराचा अर्ज वकील घेऊन येतो, उमेदवार नुसता सही करतो. असे एकटे येणारे लोक मात्र कायदा पाठ करून येतात. खर्चाची नोंदवही तपासायला आम्ही प्रचारात तीन वेळा बोलवायचो, त्यात सगळ्यात स्वच्छ वह्या यांच्याच असायच्या.

---

मुठाकाठची:

मी थोडं विरोधात लिहितेय, राग मानू नका.

काका चांगले आहेत यात शंकाच नाही. पण चांगला माणूस आणि उमेदवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यावेळी मे महिन्यात पुणे लोकसभेला ३५ उमेदवार होते. एका मशीनवर 'नोटा' (वरीलपैकी कुणीही नाही) धरून १६ नावं बसतात, म्हणजे टेबलावर तीन मशीनं ओळीत. माझ्या आईला एका डोळ्याने कमी दिसतं, ती आत गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही, आली ती रडवेली होऊन, म्हणाली मला चिन्हच सापडेना. मागे रांगेतले लोक ओरडत होते. तिला जो त्रास झाला तो त्या तीस-बत्तीस जणांच्या हौसेपायी झाला असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

आणि नुसता त्रासच नाही, निकालही बदलतो. साताऱ्याचं बघा. तुतारी वाजवणारा माणूस हे पवार साहेबांच्या पक्षाचं चिन्ह, आणि नुसती तुतारी, ज्याला लोक पिपाणी म्हणतात, ती एका अपक्षाला मिळाली. त्याला ३७ हजारांवर मतं पडली आणि पवार साहेबांचे उमेदवार शशिकांत शिंदे हरले ३२ हजारांवर मतांनी. दिंडोरीला तर पिपाणीला लाखाच्या वर मतं गेली. त्या मतदारांना कुणाला मत द्यायचं होतं ते सांगायला ज्योतिषी नको.

अपक्षांचा पूर आला म्हणूनच कायदा बदलावा लागला होता. १९९६ च्या लोकसभेला देशात १३,९५२ उमेदवार होते. त्यानंतर डिपॉझिट ५०० वरून १०,००० केलं आणि १९९८ ला आकडा थेट ४,७५० वर आला. म्हणजे बाकीच्यांना डिपॉझिट महाग झाल्याबरोबर लोकसेवेची तळमळ संपली.

काकांना वाड्यांचं काम करायचंय ना, मग ते निवडणुकीशिवाय होत नाही का? माहितीचा अधिकार आहे, पुरातत्त्व खात्याकडे अर्ज आहेत, कोर्ट आहे. दर वेळी १०,००० घालवण्यापेक्षा एका चांगल्या वकिलाची फी दिली तर?

---

बेळगावचा, सध्या पुण्यात:

ताई, तुमच्या आईंना झालेला त्रास खरा आहे, त्यावर काही म्हणत नाही. पण १९९६ चा आकडा तुम्ही दिलात म्हणून लिहितो, कारण त्या पुरात आमचंही पाणी होतं.

१९९६ ला बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार उभे होते. हौस म्हणून नाही. सीमाभागातल्या मराठी माणसाचं म्हणणं दिल्ली ऐकत नव्हती म्हणून ठरवून शेकडो लोकांनी अर्ज भरले, की एवढी मोठी मतपत्रिका छापावी लागली म्हणजे तरी कुणी विचारेल की बाबांनो झालंय काय. त्याच वर्षी तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंड्याला ४८० उमेदवार होते, तिथे पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडने माणसं वाकडी होत होती. तमिळनाडूत मोडाकुरिची विधानसभेला तर १,०३३, शेतकरी होते ते. डिपॉझिट वाढवून आकडा खाली आला हे बरोबर, पण जे ओरडत होते त्यांचे प्रश्न त्याने सुटले नाहीत. २०१९ ला निजामाबादला हळदवाल्या शेतकऱ्यांनी परत तेच केलं, पावणेदोनशेच्या वर शेतकरी उभे राहिले आणि आयोगाला एकेका बूथवर बारा-बारा मशीनं लावावी लागली.

साताऱ्याचं उदाहरण मात्र इथे लागू होत नाही असं माझं मत. चिन्हाच्या सारखेपणाचा फायदा कुणीतरी करून घेणं किंवा एखाद्याच्या नावाचा डमी उभा करणं हा वेगळा धंदा आहे, त्यामागे पैसा दुसऱ्याचा असतो. काकांच्या मागे कोण आहे? पत्रकाच्या पाठीमागे चहाचा खर्च छापणारा माणूस कुणाचा डमी नसतो.

असे लोक देशात बरेच आहेत. तमिळनाडूतल्या मेट्टूरचे के. पद्मराजन, टायर दुरुस्तीचं दुकान, १९८८ पासून उभे राहतायत, २३० च्या वर निवडणुका झाल्यात. नरसिंह राव, वाजपेयी, सगळ्यांसमोर उभे राहिले. सगळ्यात जास्त मतं २०११ ला त्यांच्याच मेट्टूर विधानसभेत पडली, ६,२७३. त्यांचं सांगणं एवढंच की सामान्य माणूसही उभा राहू शकतो हे लोकांना दिसलं पाहिजे. बरेलीचे काका जोगिंदर सिंग, धरतीपकड म्हणायचे त्यांना, कापडाचं दुकान होतं, तीनशेच्या वर निवडणुका लढले आणि १९९२ ला राष्ट्रपतीपदाला उभे राहून १,१३५ मतमूल्य घेऊन चौथे आले. आपल्या पुण्यात २०१९ च्या लोकसभेला शिवाजीनगरच्या बाजूला स्टीलची गाडी ढकलत प्रचार करणारे आजोबा होते, बूट चिन्ह होतं, अनेकांनी पाहिलं असेल.

नाव माहीत असलं म्हणजे मतं पडतात असंही नाही. गेल्या वर्षी कसब्याच्या पोटनिवडणुकीत बिचुकले उभे होते, टीव्हीमुळे घराघरात माहीत असलेला माणूस, मतं पडली ४७. त्या हिशोबाने पत्रक वाटून दोनशे मिळवणारे काका बरेच पुढे आहेत.

---

एरंडवणे ४११००४:

वर सुरतचा विषय निघालाय तर त्याचा पुढचा भाग कुणी लिहिला नाही. काँग्रेसचा अर्ज बाद झाल्यावर निवडणूक संपत नव्हती. अजून आठजण रिंगणात होते, त्यात अपक्षही होते. माघारीच्या दिवशी आठच्या आठ जणांनी अर्ज मागे घेतले आणि २२ एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार झाले. सुरतसारख्या शहरात लोकसभेचं मतदानच झालं नाही, नोटा दाबायचीही सोय राहिली नाही.

त्या आठांत एक जरी या काकांसारखा असता, ज्याला फोन करून उपयोग नाही, पैसे दाखवून उपयोग नाही, तर सुरतच्या लाखो लोकांना बटण दाबायला मिळालं असतं. निकाल कदाचित तोच लागला असता. पण मतदान झालं असतं.

मी तरी सही करेन. यादी लांब होते म्हणून कुणी उभं राहू नये हे मला पटत नाही. मशीन म्हाताऱ्यांना सोपं करणं हे आयोगाचं काम आहे. मुठाकाठच्या ताई, आईंना दिसत नसेल तर सोबत एक माणूस आत नेता येतो, केंद्राध्यक्षाला सांगायचं, तशी तरतूद आहे. २० नोव्हेंबरला करा तसं.

---

धायरीकरीण:

मी सहसा इथे लिहीत नाही, नुसतं वाचते, पण हा विषय माझ्या घरातला आहे.

माझे वडील असेच होते. आमचं गाव तालुक्याचं ठिकाण, वडील साखर कारखान्यात टाइमकीपर. जिल्हा परिषद, विधानसभा, जे येईल त्याला उभे. मुद्दा गावाच्या खालच्या अंगाला असलेल्या वस्तीच्या रस्त्याचा आणि तिथल्या शाळेचा. लोकांना वाटतं असा माणूस घरच्यांना विचारत नसेल. आमच्याकडे विचारायचे. आई भिशी लावायची आणि भिशीचा नंबर कायम निवडणुकीच्या महिन्यात मागून घ्यायची, त्यातून डिपॉझिट जायचं. तिने कधी कपाळाला आठी घातली नाही असं मी म्हणणार नाही, घातली, भांडणंही झाली, एका वर्षी माझ्या कॉलेजच्या फीचा आणि अर्जाचा महिना एकच आला तेव्हा घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. शेवटी फी आधी भरली आणि ती निवडणूक वडिलांनी सोडली. पण "वेडेपणा" हा शब्द आईने वापरला नाही आणि आम्हाला वापरू दिला नाही.

माघारीच्या दिवशी घरी फोन यायचे. आधी गोड, मग "तुमच्या मुलीचं नोकरीचं बघू", मग जरा वेगळ्या आवाजात. वडील फोन आईकडे द्यायचे आणि आई सांगायची की ते आंघोळीला गेलेत. तीन वाजेपर्यंत त्यांची आंघोळ चालायची.

मतमोजणीच्या दिवशी डबा घेऊन स्वतः जायचे, एजंट ठेवायला माणूस कुठला. प्रत्येक फेरीला बूथप्रमाणे आपली मतं वहीत लिहून घ्यायचे. बूथ अमुक, मतं ९. बूथ तमुक, मतं ०. बूथ ढमुक, मतं ३१. निकाल लागला, लोकांचा गुलाल उडाला की वडील दोन दिवसांनी ती वही घेऊन बाहेर पडायचे आणि जिथे ३१ पडली त्या वस्तीत जाऊन बसायचे. मत कुणी दिलं हे विचारायचे नाहीत कधीच. विचारायचे की तुमच्याकडे नेमकं काय अडलंय. त्यांचं म्हणणं होतं की ३१ माणसांनी हात केलाय, म्हणजे तिथे काहीतरी दुखतंय. पुढची सगळी वर्षं त्या वस्तीचे अर्ज त्यांनी लिहिले. रस्ता झाला. निवडून आलेल्या माणसानेच केला, श्रेयाची पाटीही त्याचीच आहे, आणि वडील त्या रस्त्यावरून सायकल घेऊन जाताना मी पाहिलंय, पाटीकडे त्यांनी मान वळवून बघितलंही नाही.

म्हणून मुठाकाठच्या ताईंना सांगावंसं वाटतं की निवडणुकीशिवाय पण काम होतं हे खरं, पण एरवी आमच्या वडिलांना कुणी दारात उभं करत नव्हतं. उमेदवार म्हटलं की त्या तीन आठवड्यांत तहसीलदार खुर्ची द्यायचा, पोलीस साहेब म्हणायचे, पेपरवाला एक ओळ छापायचा. त्या खुर्चीवर बसून ते रस्त्याचं बोलून घ्यायचे. १०,००० रुपयांत त्यांना एवढंच विकत मिळत होतं आणि त्यांना ते महाग वाटत नव्हतं.

शनिवारपेठी दादा, तुम्ही सही करा, पण आधी काकूंशी बोला. काकांसमोर नाही, वेगळं. औषधाचे पैसे बाजूला ठेवलेत का एवढंच विचारा. ते असतील तर तुम्हाला अपराधी वाटायचं कारण नाही. आणि काकांना फॉर्म २० बद्दल सांगा, बूथप्रमाणे कुणाला किती मतं पडली ते त्यात असतं, निवडणूक कार्यालयाच्या वेबसाइटवर निकालानंतर मिळतं, हाताने लिहून घ्यायची गरज नाही आता.

---

मुठाकाठची:

धायरीकरीण ताई, वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले. माझं मत अजूनही आहे की उमेदवारांची संख्या कमी हवी आणि पिपाणीसारखे प्रकार बंद व्हायला हवेत. पण तुमच्या वडिलांसारख्या माणसाला त्यासाठी बाहेर ठेवावं असं मी म्हणू शकणार नाही. आईला सोबत आत नेता येतं हे माहीत नव्हतं, एरंडवणे, मनापासून धन्यवाद.

---

शनिवारपेठी:

सगळ्यांचे आभार. काकूंशी बोललो. त्यांनी आधी चहा केला आणि मग सांगितलं की डिपॉझिटचे पैसे काका वर्षभर साठवतात, लग्नपत्रिकांची आणि दिवाळी अंकांची प्रुफं वाचून देतात त्याचे. घरखर्चाला हात लावत नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन त्यांनाच नकोय, भीती वाटते म्हणून. मला म्हणाल्या, "त्यांचं ते बंद झालं तर ते दिवसभर खिडकीत बसतील, मला ते बघवणार नाही."

सही केली. भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या यादीवरून तपासले, महसूलवाले काका तुम्ही म्हणालात ते खरं निघालं, दोन सूचकांचे नंबर बदललेले होते, नाहीतर अर्ज तिथेच गेला असता. शेवटच्या दिवसाची वाट न बघता सोमवारीच गेलो. वसुबारस होती, रस्त्याला खरेदीची गर्दी, काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. आत टेबलावर त्यांनी १०,००० मोजून ठेवले, सगळ्या नोटा एका बाजूने लावलेल्या, आणि पावती दोनदा वाचली, एका ठिकाणी आडनावाचा ऱ्हस्व-दीर्घ चुकला होता तो दुरुस्त करून घेतला. तिथला अधिकारी हसला नाही, उलट उठून दुसरी पावती आणून दिली. चिन्हासाठी तीन पसंत्या द्यायच्या असतात, पहिलं कपाट लिहिलंय.

एक गोष्ट तिथे कळली ती मला अजिबात पटलेली नाही. मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना मतदार यादी फुकट मिळते आणि अपक्षाला विकत घ्यावी लागते. ज्याच्याकडे आहे त्यालाच फुकट, हे कसलं गणित?

---

शनिवारपेठी (निकालानंतर):

बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं म्हणून लिहितो. काकांना मागच्यापेक्षा थोडी जास्त मतं पडली, तीन आकडीच. डिपॉझिट गेलं. राज्यात एकूण ४,१३६ उमेदवार होते, त्यातले २,०८६ अपक्ष, आणि अपक्ष निवडून आले फक्त दोन, त्यातले एक आपल्याच जिल्ह्यात जुन्नरला शरद सोनवणे, पण ते आधी आमदार होऊन गेलेले आहेत. १९९५ ला हेच ४५ अपक्ष निवडून आले होते आणि सरकार त्यांच्या जिवावर बसलं होतं, हे काका कालच कट्ट्यावर पोरांना सांगत होते.

प्रचारात एक रविवार मी त्यांच्याबरोबर फिरलो. लाउडस्पीकर नाही, गाडी नाही, पिशवीत पत्रकं आणि पाण्याची बाटली. वाड्यात शिरले की आधी जिना बघायचे, कठड्याला हात लावून हलतो का ते, मग वरच्या माणसाला हाक मारायचे. एका घरी आजींनी सांगितलं की पावसाळ्यात मागची भिंत सुटलीये आणि दुरुस्तीची परवानगी कुठे मागायची तेच माहीत नाही. काकांनी तिथेच बसून अर्ज लिहून दिला, दुरुस्तीला बंदी नाही, परवानगी लागते, हे नीट समजावलं, आणि मत द्या म्हणायचं विसरून खाली आले. मी आठवण करून दिली तर म्हणाले, राहू दे, अर्जाचं काय झालं ते विचारायला जायचंच आहे.

आता मला मदत हवीये ती खर्चाच्या हिशोबाची. काकांची वही तयार आहे, पण या वेळी डोळ्यांमुळे गोषवाऱ्याचे तक्ते त्यांना भरवत नाहीत, मी भरणार आहे. कधीपर्यंत द्यायचं आणि काय काय जोडायचं?

---

निवृत्त महसूलवाला:

निकाल २३ नोव्हेंबरला लागला, त्यापासून ३० दिवसांच्या आत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशोब गेला पाहिजे, म्हणजे २३ डिसेंबर धरून चाला. दैनंदिन नोंदवही, रोख आणि बँकेच्या नोंदी, सगळी बिलं व्हाउचरं सहीसकट, त्या वेगळ्या खात्याचं स्टेटमेंट, गोषवारा आणि शपथपत्र. हरलेल्या उमेदवारालाही हे चुकत नाही, हिशोब दिला नाही तर आयोग तीन वर्षं अपात्र ठरवू शकतं, आणि फक्त तेवढ्यामुळे पुढची निवडणूक हुकलेले अपक्ष मी पाहिलेत. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तक्ते भरताना अडलं तर इथेच लिहा, किंवा वही घेऊन या, मी सकाळी मोकळा असतो, निरोप पाठवा म्हणजे पत्ता कळवतो.

---

शनिवारपेठी:

शनिवारी सकाळी येतो, काकांना पण घेऊन येतो. त्यांना तुम्हाला फेरमोजणीच्या अर्जाबद्दल काहीतरी विचारायचंय.